मातीचे ऋण फेडणारा शास्त्रज्ञ

विशेष प्रतिनिधी

पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत ओल्या कचऱ्याचे खत करण्याचे डबे आता नवलाईचे राहिलेले नाहीत. कुणी गच्चीवर पालेभाजी लावतो, कुणी गॅलरीत मिरची-टोमॅटो पिकवतो, तर कुणी गावाकडच्या दहा-वीस गुंठ्यांत फळझाडे, भाजीपाला आणि कडधान्ये यांची मिश्र लागवड करून पाहतो. यांतील अनेकांच्या तोंडी पर्माकल्चर हा शब्द हमखास असतो. जमीन उघडी ठेवायची नाही, एकच एक पीक घ्यायचे नाही आणि जमिनीतून निघालेला काडीकचरा जमिनीलाच परत द्यायचा, ही त्यातील मुख्य सूत्रे. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये ग्रंथरूपाने ही पद्धत मांडली. मात्र काडीकचरा मातीला परत देण्याच्या सूत्राची शास्त्रीय बैठक त्याआधी अर्धशतक तयार झाली होती, आणि तीही आपल्या शेजारी माळव्यात, होळकरांच्या इंदूर संस्थानात. त्या कामामागील इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीचा इतिहास लिहिताना जगभर त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. ज्या देशात त्यांनी आयुष्याची २६ वर्षे घालवली, तेथे मात्र कृषी महाविद्यालयांबाहेर ते फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

शेतकऱ्याचा मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी झाला. वेल्सच्या सीमेलगतचा हा डोंगराळ, शेतीप्रधान मुलूख. वडील शेतकरी होते. गुरेढोरे, कुरणे आणि शेणखत यांच्या सहवासात वाढलेला हा मुलगा पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला. निसर्गविज्ञानाच्या जोडीला त्याने कृषिशास्त्राची पदविकाही घेतली. शेती आणि प्रयोगशाळा या दोन्ही जगांशी एकाच वेळी नाते असणे ही त्या काळात विरळा गोष्ट होती. त्यांच्या पुढील साऱ्या वाटचालीवर या दुहेरी संस्काराचा ठसा उमटलेला दिसतो.

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडिज बेटांवर गेले. तेथील शाही कृषी खात्यात त्यांची नेमणूक कवकशास्त्रज्ञ म्हणून झाली होती. ऊस, कोको यांसारख्या मळ्यांतील पिकांवर पडणाऱ्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करून उपाय सुचवायचे, असे कामाचे स्वरूप होते. रोगट पाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांनी अहवाल लिहिले. पण ज्याच्यासाठी सल्ला द्यायचा, त्या मळेवाल्यापुढे स्वतः पीक काढून दाखवण्यासाठी हातात गुंठाभरही जमीन नाही, ही विसंगती त्यांना सलू लागली. रोग झाल्यावर त्याच्या मागे धावणाऱ्या विज्ञानाविषयी त्यांच्या मनात पहिली शंका उत्पन्न झाली ती येथेच.

१९०३ मध्ये इंग्लंडला परतल्यावर केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप या वेलीवर काम केले. बिअरला कडवट चव देणारी ही वेल. तिचे नर वेल उपटून टाकून केवळ मादी वेल ठेवण्याकडे बागायतदारांचा कल होता. नर वेल राखून नैसर्गिक परागीभवन होऊ दिले, तर वाढ जोमाने होते आणि वेल रोगकिडींना अधिक समर्थपणे तोंड देते, असे हॉवर्ड यांना आढळले. निसर्गाच्या घडणीत माणसाने केलेला हस्तक्षेपच रोगाला आमंत्रण देत असावा, ही त्यांची धारणा या प्रयोगाने बळावली.

पुसाचे अनौपचारिक विद्यापीठ

१९०५ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत, हेन्री फिप्स या अमेरिकी उद्योगपतीच्या देणगीचा आधार घेऊन, बिहारमधील पुसा येथे मध्यवर्ती कृषी संशोधन संस्था उभी राहत होती. हॉवर्ड यांची तेथे इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट, म्हणजे उपयुक्त वनस्पतींचे शासकीय शास्त्रज्ञ या पदावर निवड झाली. अधिक उत्पन्न देणारे वाण शोधणे आणि त्यांचा प्रसार करणे हे त्यांचे अधिकृत काम होते.

साम्राज्याच्या नोकरीतील हा शास्त्रज्ञ हिंदी शेतकऱ्याला सुधारण्यासाठी आला होता. प्रत्यक्षात काही वर्षांतच भूमिका उलटल्या. पुसाच्या आसपासच्या शेतांत कीटकनाशके वा बुरशीनाशके यांचा मागमूस नव्हता, तरीही पिके बहुतांशी निरोगी होती. शेतकरी कडधान्याशी फेरपालट करीत, एका शेतात दोन-तीन पिके मिसळून पेरत, आणि प्रत्येक शेताचा उतार व ओल ओळखून वाण निवडत. हॉवर्ड यांनी दोन गुरू मानले. एक, हा शेतकरी. दुसरे, पिकावरील कीड आणि रोग. कीड पडली की तिला मारण्याआधी ती का पडली हे विचारायचे, कारण काहीतरी चुकले असल्याची ती सूचना असते. वाण जमिनीला मानवणारे नसेल, मुळांना हवा मिळत नसेल किंवा मातीत कस उरला नसेल. त्यांच्या सर्व विचारांचे बीज या दृष्टीत आहे.

वेस्ट इंडिजमधील उणीव येथे भरून निघाली. हॉवर्ड यांना पुसा येथे स्वतःच्या पद्धतीने पिके घेण्यासाठी सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. १९१० च्या सुमारास आपण औषधांवाचून निरोगी पीक काढू शकतो, असा आत्मविश्वास त्यांना आला. मग त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली बैलजोड्या मागून घेतल्या. चांगल्या पोसलेल्या जमिनीतील हिरवा चारा आणि धान्य या बैलांना मिळे. शेजारच्या मोठ्या गोठ्यात लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा कुंपणापलीकडील आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावूनही हॉवर्ड यांच्या बैलांना बाधा झाली नाही, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले. हे निरीक्षण त्यांच्या लेखनातील सर्वाधिक गाजलेले आणि सर्वाधिक वादग्रस्तही आहे. काही जनावरांवरून काढलेला हा निष्कर्ष आजच्या कसोट्यांवर पुरेसा ठरणार नाही, आणि लसीकरणाला पर्याय म्हणून कोणताही पशुवैद्य तो पुढे करणार नाही. हॉवर्ड यांच्या विचारप्रवाहात मात्र या घटनेचे स्थान मोठे आहे. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य ही एकच सलग साखळी आहे, या त्यांच्या सिद्धान्ताचा पहिला दुवा त्यांना येथे दिसला.

सहधर्मचारिणी आणि सहसंशोधक

पुसाच्या कामाचा उल्लेख गॅब्रिएल हॉवर्ड यांच्या नावावाचून अपुरा राहील. गॅब्रिएल मॅथाई यांचा जन्म १८७६ चा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या शिकल्या आणि वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा काय परिणाम होतो, याविषयीच्या त्यांच्या संशोधनाने विद्वानांचे लक्ष वेधले. स्त्रियांना केंब्रिज विद्यापीठ पूर्ण पदवीही देत नव्हते, असा तो काळ. १९०५ मध्ये अल्बर्ट यांच्याशी विवाह करून त्या हिंदुस्थानात आल्या. येथे त्यांच्या नावावर स्वतंत्र पद नव्हते, पण प्रयोगशाळेत आणि शेतात त्या बरोबरीने राबत. १९१३ मध्ये त्यांची दुय्यम इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट म्हणून रीतसर नेमणूक झाली. सरकारी शास्त्रीय सेवेत एका स्त्रीला असे पद मिळणे ही त्या काळी असाधारण घटना होती.

या दाम्पत्याने निवडलेले पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे वाण पुढे लाखो एकरांवर पसरले. उन्हाळ्यात दोघे बलुचिस्तानातील क्वेट्टा येथील केंद्रावर फळबागांचे काम पाहत. फळे खराब न होता दूरच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचावीत, यासाठी वेष्टनाच्या नव्या पद्धतीही त्यांनी तेथे तयार केल्या. नीळ, तंबाखू, गहू, फळझाडे अशा नाना पिकांच्या मुळांचा त्यांनी केलेला अभ्यास विशेष मोलाचा ठरला. जमिनीवरच्या पानाफुलांकडे साऱ्यांचे लक्ष असताना हे दोघे खड्डे खणून, मुळे धुऊन, ती कोणत्या थरात किती पसरतात ते पाहत होते. पाणी साचून मुळांना हवा मिळेनाशी झाली की झाड कोमेजते आणि मग रोग त्यावर चढतो, असे त्यांना दिसून आले.

चौकटी ओलांडून इंदूरला

संशोधनाचे हे फळ मिळत असताना संस्थेच्या रचनेविषयी हॉवर्ड यांची नाराजी वाढत होती. पुसा येथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, कवकशास्त्र, कीटकशास्त्र असे स्वतंत्र विभाग होते आणि प्रत्येकाने आपल्या हद्दीतच राहायचे असा शिरस्ता होता. गव्हावर तांबेरा पडला तर वाण एका विभागाकडे, बुरशी दुसऱ्याकडे आणि माती तिसऱ्याकडे. पीक मात्र शेतात एकसंध उभे असते. शेतकऱ्याचे दारिद्र्य, त्याचे बैल, त्याचे पाणी आणि त्याचे पीक या गोष्टी सुट्या करून कोणताही प्रश्न सुटणार नाही, असे हॉवर्ड यांचे मत होते. त्यासाठी विभागांच्या भिंती नसलेली संस्था हवी होती.

ती संधी इंदूरला मिळाली. कापसाच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचे अर्थसाहाय्य, मध्य हिंदुस्थान व राजपुतान्यातील संस्थानांच्या वर्गण्या आणि होळकर दरबाराने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेली सुमारे ३०० एकर जमीन, या बळावर १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. संस्थेचा पैसा कापसासाठी आला होता आणि त्या कापसामागे गिरण्यांचे अर्थकारण होते, ही बाब लपवण्याचे कारण नाही. हॉवर्ड यांनी मात्र कापूस सुधारायचा तर आधी माती सुधारली पाहिजे, असा अर्थ काढला आणि कामाची दिशा ठरवली.

माळव्याची काळी जमीन मराठवाडा-विदर्भाच्या वाचकाला वेगळी सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात पाय रुतेल असा चिखल. अशा जमिनीत चर काढून, बांध घालून पाण्याचा निचरा करणे हा कामाचा पहिला भाग. दुसरा भाग सेंद्रिय द्रव्याचा, आणि खरी अडचण तेथे होती. गावोगाव शेणाचा मोठा वाटा गोवऱ्या थापून चुलीत जात होता. इंधनाला दुसरा पर्याय नसल्याने शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता. गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत जिरून जाई. पऱ्हाट्या, तुरकाट्या, धसकटे, गवत हे सारे जाळले जाई किंवा वाया जाई. थोड्या शेणात जास्तीत जास्त खत कसे होईल, हा हॉवर्ड यांच्यासमोरील प्रश्न होता.

इंदूर पद्धतीचे जन्मस्थान

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांना संस्थेतील रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक यशवंत वाड यांची साथ लाभली. वाड हे आडनाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्याविषयीच्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने वाड यांचे नाव आहे. जगभर इंदूर पद्धतीचा जयजयकार करणाऱ्या लेखनात हे दुसरे नाव बहुधा गळालेले असते, म्हणून त्याचा येथे आवर्जून उल्लेख.

पद्धत ऐकायला साधी आहे. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल असे खड्डे खणायचे. त्यात आधी पालापाचोळा, गवत, काड्या असा मिश्र काडीकचरा पसरायचा. त्यावर शेणाचा पातळ थर, मग गोठ्यातील गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख शिंपडायची. पाणी मारून पुन्हा काडीकचऱ्याचा थर, असे करीत खड्डा भरायचा. पऱ्हाट्यांसारखी कठीण धाटे आधी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायची. ढीग पिळलेल्या बोळ्याइतका ओलसर राहिला पाहिजे. पाणी जास्त झाले तर हवा कोंडते आणि दुर्गंधी सुटते, कमी झाले तर कुजणे थांबते. पहिल्या दोन महिन्यांत तीनदा खालवर करायचे. ढीग तापतो, आधी बुरशी आणि मग जिवाणू आपले काम करतात, आणि सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत तयार होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरत असल्याने हेच काम जमिनीवरील ढिगात करायचे.

यात नवे काय, असा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. उकिरडा तर प्रत्येक गावात होता. परंतु उकिरड्यात जे आपोआप, संथपणे आणि अर्धवट घडते, ते ठरावीक मुदतीत आणि खात्रीने घडवून आणण्याचे गणित हॉवर्ड आणि वाड यांनी मांडले. वाळक्या काड्यांत कार्बन भरपूर आणि शेण-मूत्रात नत्र अधिक. या दोहोंचे प्रमाण, ओल आणि हवा या तीन गोष्टी साधल्या की सूक्ष्मजीव उरलेले काम करतात. काडीकचऱ्याचा वाटा मोठा आणि शेणाचा लहान असल्यामुळे चुलीत शेण जाळणाऱ्या गरीब शेतकऱ्यालाही ही पद्धत परवडणारी होती.

येथे एका लोकप्रिय समजुतीची शहानिशा करणे योग्य होईल. हॉवर्ड यांनी कंपोस्टची विद्या हिंदी शेतकऱ्यांकडून शिकून पाश्चात्त्यांना दिली, असे अनेकदा अभिमानाने लिहिले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मिश्र पिके, कडधान्यांची फेरपालट आणि जमिनीनुसार वाणाची निवड यांबाबत ते हिंदी शेतकऱ्याचे शिष्यत्व मोकळेपणाने मान्य करीत. कंपोस्टच्या बाबतीत मात्र त्यांची प्रेरणा मुख्यतः चीनमधील होती. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया आणि जपानमधील शेतीवर लिहिलेला, १९११ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी बारकाईने अभ्यासला होता. चिनी परंपरा, युरोपीय सूक्ष्मजीवशास्त्र आणि माळव्याच्या गोठ्यातील सामग्री यांच्या संगमातून इंदूर पद्धत जन्मली. ज्या शेतकऱ्यांना त्यांनी गुरू म्हटले, त्यांची नावे मात्र त्यांच्या ग्रंथांत आढळत नाहीत. त्या काळातील ज्ञानव्यवहाराची ही मर्यादा म्हणावी लागेल.

वियोग आणि निवृत्ती

इंदूरचे काम बहरात असताना १९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांचा संसार आणि संशोधनाची भागीदारी एकाच वेळी संपली. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी त्यांनी गॅब्रिएल यांची धाकटी बहीण लुईझ यांच्याशी विवाह केला. लुईझ स्वतः विदुषी होत्या आणि जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत त्यांनी काम केले होते. हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानातील कार्याचा वृत्तान्त पुढे १९५३ मध्ये त्यांनीच ग्रंथरूपाने जतन केला. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना सर हा किताब मिळाला.

ते परतल्यानंतरही इंदूरचे खड्डे भरत राहिले. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने महात्मा गांधी इंदूरला आले असता त्यांनी ही संस्था पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून इंदूर पद्धतीची माहिती वाचकांपर्यंत पोहोचली. ग्रामस्वच्छता आणि खत या दोन प्रश्नांना एकच उत्तर देणारी पद्धत गांधीजींना जवळची वाटावी, यात नवल नव्हते. केनियातील कॉफीचे मळे, आसाम व सिलोनमधील चहाचे मळे, मध्य अमेरिकेतील कोस्टारिका अशा ठिकाणी तिचे प्रयोग सुरू झाले.

उतारवयातील संघर्ष

निवृत्तीनंतरची १६ वर्षे हॉवर्ड यांनी एखाद्या तरुण प्रचारकाच्या आवेशाने घालवली. युरोपात १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग यांनी मांडलेल्या कृषी रसायनशास्त्राचा वरचष्मा होता. नत्र, स्फुरद आणि पालाश या तीन द्रव्यांचा हिशेब लावला की शेतीचा हिशेब लागला, असे मानणारी एक पिढी तयार झाली होती. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी हवेतील नत्र बांधणारे कारखाने वाढले होते आणि युद्धानंतर त्यांना खतांची बाजारपेठ हवी होती. हॉवर्ड यांनी या विचारसरणीवर कठोर टीका केली. माती हे केवळ द्रव्यांचे कोठार नसून बुरशी, जिवाणू आणि गांडुळे यांनी गजबजलेले सजीव जग आहे. जे जमिनीतून घेतले ते तिला परत देणे हा नियम मोडला, तर उत्पन्न काही काळ वाढेल, पण भांडवल खाऊन, असे त्यांचे प्रतिपादन होते. या नियमाला त्यांनी परतफेडीचा नियम असे नाव दिले.

१९४० मध्ये त्यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी दिवंगत गॅब्रिएल यांना अर्पण केला आहे. निसर्ग हाच श्रेष्ठ शेतकरी, हा त्याचा गाभा. जंगलात कुणी नांगरत नाही, खत घालत नाही, फवारणी करत नाही. तेथे एकाच जातीची झाडे रांगेत उभी नसतात, प्राण्यांवाचून वनस्पती नसतात, जमीन पाचोळ्याने झाकलेली असते आणि पावसाचे पाणी तिच्यात मुरते. शेतीने जंगलाचा हा धडा गिरवावा, असे त्यांचे सांगणे होते. चार दशकांनंतर पर्माकल्चरच्या पुरस्कर्त्यांनी वनबाग उभारताना हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत मांडले.

प्रस्थापित कृषिशास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले. काही आक्षेप हितसंबंधांतून आले, काही मात्र रास्त होते. सुपीक मातीतील पिकाला रोग जवळजवळ होणारच नाही, इतके व्यापक विधान करण्याइतका तुलनात्मक पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. विरोधकांविषयी त्यांची लेखणी अनेकदा तिखट होई. मानवी आरोग्याविषयीची त्यांची मांडणीही निरीक्षणांवर अधिक आणि नियंत्रित प्रयोगांवर कमी आधारलेली होती. दुसरीकडे मातीतील सूक्ष्मजीव, मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशी आणि सेंद्रिय कर्बाचे महत्त्व यांबाबत त्यांनी ज्याकडे बोट दाखवले, ते आज मृदाविज्ञानाच्या मुख्य प्रवाहात आहे.

अनुयायी वाढत होते. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेती व बागकामाला वाहिलेले मासिक सुरू केले, त्यात हॉवर्ड यांचा सहभाग होता. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फर यांनी १९४३ मध्ये ‘द लिव्हिंग सॉइल’ हा ग्रंथ लिहिला आणि १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हॉवर्ड या संस्थेपासून दूर राहिले; पुसाच्या दिवसांपासूनच समित्यांशी त्यांचे फारसे जमले नव्हते. २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे त्यांचे निधन झाले. ज्या देशाने त्यांना घडवले, तो स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

उरलेला वारसा

स्वतंत्र भारताने दोन दशकांत वेगळा मार्ग निवडला. उपासमारीचे सावट असलेल्या १९६० च्या दशकात संकरित आणि बुटक्या जातींचे वाण, पाटाचे पाणी आणि रासायनिक खते यांच्या बळावर धान्याची कोठारे भरली. त्या निर्णयामागील निकड नाकारता येणार नाही, आणि एकट्या कंपोस्टने ती भागली असती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्याची किंमत मात्र पुढे चुकती करावी लागली. घटलेला सेंद्रिय कर्ब, कडक झालेल्या जमिनी आणि वाढता खतखर्च यांची चर्चा आज प्रत्येक कृषी मेळाव्यात होते. हॉवर्ड यांनी भांडवल खाण्याचा जो इशारा दिला होता, त्याची आठवण अशा वेळी होते. १९३४ च्या भूकंपात पुसाच्या संस्थेची हानी झाल्यानंतर ती दिल्लीला हलली. इंदूरच्या संस्थेच्या जागी पुढे कृषी महाविद्यालय आले.

महाराष्ट्रात हाच प्रश्न दुसऱ्या एका साधकाने हाती घेतला. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी कमीत कमी शेणात जास्तीत जास्त खत करण्यासाठी जाळीदार विटांचे टाके विकसित केले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते नाडेप म्हणून देशभर ओळखले जाते. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच अशा त्या टाक्यात काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचले जातात व भिंतींतील छिद्रांतून हवा खेळती राहते. ढीग खालवर करण्याचे कष्ट त्यात वाचतात.

शहरातील वाचकाला ३० फुटी खड्ड्याचा काय उपयोग, असे वाटणे स्वाभाविक आहे. हॉवर्ड यांनी स्वतःच १९४५ च्या ग्रंथात छोट्या बागांसाठी न्यूझीलंडमधील लाकडी खोक्याची शिफारस केली होती. सुमारे ४ फूट लांबी-रुंदीचे, फटी ठेवलेले हे खोके आजच्या गृहसंकुलातील खतपेटीचे पूर्वजच म्हणायला हवे. नियम तेच आहेत. स्वयंपाकघरातील ओला कचरा नत्राचा, वाळलेला पाला कार्बनचा. नुसता ओला कचरा भरला तर वास येतो आणि अळ्या होतात. त्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला मिसळला, मधूनमधून हलवले आणि ओल जपली, तर तीन महिन्यांत हातात येते ती माती. संकुलाच्या आवारातील पाने झाडून जाळणे किंवा पालिकेच्या गाडीत टाकणे हा या हिशेबात सरळ तोटा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणे बंधनकारक केले, तेव्हा अनेकांना ती नवी सक्ती वाटली. तिच्या मुळाशी असलेला विचार मात्र होळकरांच्या इंदुरात नव्वद वर्षांपूर्वीच शब्दबद्ध झाला होता.

दहा गुंठ्यांत अन्न पिकवू पाहणाऱ्याला बियाणे, ठिबक, रोपे सारे विकत मिळते. जिवंत माती मात्र विकत मिळत नाही, ती वर्षानुवर्षे घडवावी लागते. एका इंग्रज शेतकऱ्याच्या मुलाने बिहारच्या शेतात, बलुचिस्तानच्या बागेत आणि माळव्याच्या काळ्या जमिनीत अर्धे आयुष्य घालवून हाच धडा घेतला. त्याच्या शेजारी गॅब्रिएल हॉवर्ड आणि यशवंत वाड उभे होते, आणि त्यांच्या मागे ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत असे असंख्य शेतकरी.